घरात गव्हाणी मांडलीय, पण दीर-जाऊ आले तर ठेवायचं कुठे?

प्रश्न

ताई, सलाम.

आम्ही भायखळ्याला जुन्या चाळीत राहतो. एक खोली, स्वयंपाकघर, वर पोटमाळा. घरात मी, यजमान, सासूबाई आणि दहावीतली मुलगी. सासरे नगरकडून येऊन गिरणीत लागले, तेव्हापासूनची ही खोली. माझे धाकटे दीर कल्याणला भाड्याने राहतात. दीड वर्षापूर्वी त्यांनी एका हिंदू मुलीशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. तिच्या माहेरच्यांनी संबंध तोडले. सासूबाईंनीही तिला अजून उंबरा ओलांडू दिलेला नाही. आता तिला आठवा महिना लागलाय, डॉक्टरांनी जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यातली तारीख दिलीय. दिरांची नोकरी गणपतीनंतर गेली, भाडं थकलं आणि घरमालकाने ३० नोव्हेंबरपर्यंत खोली खाली करायला सांगितलीय. बाळंतपण होईपर्यंत तुमच्याकडे येऊ का, असं दिरांनी विचारलंय.

सासूबाई म्हणतात, बाप्तिस्मा घेऊन, टिकली काढून येत असेल तर येऊ दे, नाहीतर चर्चच्या मंडळीतली माणसं कॅरल गायला येतील तेव्हा कोणत्या तोंडाने दार उघडायचं? यजमान काहीच बोलत नाहीत. आणि खरं सांगते, माझ्याही मनात नाही. मुलीचा अभ्यास, मजल्यावरचे सामाईक संडास, त्यात बाळंतीण. संडे स्कूलची नाताळची नाटिका दरवर्षी मीच बसवते. गर्भार मरिया आणि योसेफ दारात येतात आणि उतारशाळेचा मालक ‘जागा नाही’ म्हणून धाडकन दार लावतो, तिथे सगळे हसतात. परवा तालमीत त्या प्रसंगाला मला रडू आलं. येशूजन्माची गोष्ट आपल्याला रोजच्या जगण्यात नेमकं काय करायला सांगते? फक्त ‘जागा द्या’ एवढंच असेल, तर ते मला झेपत नाहीये.

– एक वाचक, भायखळा

उत्तर

प्रिय भगिनी, सलाम.

आधी त्या मालकाला मोकळं करू या. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय काढा आणि सावकाश वाचा. उतारशाळेचा मालक तुम्हाला त्यात कुठेच भेटणार नाही. कुणी दार लावत नाही, कुणी हाकलून देत नाही. गाढवसुद्धा नाही. ती दोघं बेथलेहेमात असताना मरियेचे दिवस भरले, एवढंच लूक सांगतो. म्हणजे त्याच रात्री धापा टाकत गावात शिरले आणि कळा सुरू झाल्या, हेही आपणच जोडलेलं. बैल आणि गाढव देखाव्यात आले ते यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या पहिल्या अध्यायातल्या एका ओळीवरून. असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतल्या ग्रेचो गावी खरोखरची जनावरं उभी करून नाताळ केला, तेव्हापासून तर हा देखावा आपल्या सगळ्यांच्या मनात पक्का बसला. नाटिकेला खलनायक लागतो, म्हणून मालक आला. तुम्ही दरवर्षी त्याला उभा करता आणि यंदा त्याच्या जागी स्वतःला उभं केलंत. पण मुळात ती जागाच तिथे नाही.

मग तिथे आहे काय? उतारशाळेत जागा नव्हती, हे एक वाक्य. आणि तिने बाळाला बाळंत्याने गुंडाळून गव्हाणीत ठेवलं, हे दुसरं. लूक कुणाला दोष देत नाही, कुणाची कीवही करत नाही. गोठा असाही शब्द तो लिहीत नाही. त्या काळच्या साध्या घरांत जनावरं रात्री घरातच, खालच्या अंगाला बांधत, आणि त्यांची गव्हाणी माणसांच्या अंथरुणापासून फार लांब नसे. म्हणून बऱ्याच अभ्यासकांना वाटतं की हा जन्म ओसाड गोठ्यात नव्हे, कुणाच्या तरी आधीच भरलेल्या घरात झाला असावा. मला हे पटतं. त्या घरात कुणीतरी असेल तेवढी जागा दिली. ती चांगली नव्हती. पण होती.

तर माझं मत सरळ सांगते. त्यांना येऊ द्या. पण ‘जागा द्या’ या शब्दांचा तुम्ही जो अर्थ लावताय, म्हणजे सगळं सोसा, कितीही दिवस सोसा आणि वर हसतमुख राहा, तो या गोष्टीत मला दिसत नाही. त्यासाठी एक पान मागे जावं लागेल, लूकच्या पहिल्या अध्यायात. नाताळच्या उपासनेत तो वाचला जातो खरा, पण नाटिकेत त्याच्या वाट्याला दोन मिनिटंसुद्धा येत नाहीत, याचं मला नेहमी नवल वाटतं.

मरियेला देवदूताचा निरोप मिळाला आणि ती लगबगीने यहूदीयाच्या डोंगराळ भागात अलीशिबेकडे गेली. लग्न ठरलेली, अजून नांदायला न गेलेली, पोटुशी मुलगी. गावात काय बोललं गेलं असतं, ते तुम्हाला आणि मला सांगायला नको. ती आईकडे गेल्याचं लूक सांगत नाही, तो तिला या नात्यातल्या बाईकडे पोहोचवतो. आता त्या घराची अवस्था बघा. अलीशिबा म्हातारी, तिला स्वतःलाच सहावा महिना. घरात नवरा जखऱ्या, त्याची तर वाचाच गेलेली. (तुमच्यासारखंच तिथेही यजमानांकडून एक अक्षर येत नव्हतं, हे वाचून तुम्हाला थोडं हसू आलं तर मला बरं वाटेल.) पाहुणचार करायला हे काही सोयीचं घर नव्हतं. तरी अलीशिबा पहिलं वाक्य बोलते ते आशीर्वादाचं. कसं झालं, लोक काय म्हणतील, योसेफाचं काय, यातलं काहीही ती दारात विचारत नाही. हे प्रश्न पुढे कधीतरी बोलण्यात निघाले असतील, दोन बायका तीन महिने एका घरात राहिल्यावर निघणारच. पण आधी आत घेतलं, पाणी दिलं, मग बोलणं.

आणि तीन महिने, हा आकडा लूक स्वतः देतो. मरिया सुमारे तीन महिने राहिली आणि आपल्या घरी परत गेली. पाहुणचाराला शेवट होता, तो शास्त्रात लिहिलेला आहे, आणि त्यामुळे अलीशिबेचं प्रेम कुठे कमी पडलं असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. तुम्हाला माझ्याकडून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या. मुदत ठरवून दिलेली जागासुद्धा जागाच असते. ‘बाळंतपण होईपर्यंत’ असं दीर म्हणाले. पण बाळंतपण झाल्याच्या दुसऱ्या दिवशी कुणी बाळंतिणीला बाहेर काढत नाही, म्हणजे ही मुदत मुळात मुदतच नाही. तुम्ही नीट ठरवा. आपल्याकडे बाळंतिणीचा सव्वा महिना असतो. मोशेच्या नियमशास्त्रातही मुलगा झाल्यावर चाळीस दिवस मोजले आहेत, आणि ते भरल्यावर मरिया-योसेफ बाळाला घेऊन यरुशलेमेच्या मंदिरात गेले. तिथे त्यांनी कोकरू दिलं नाही. होले किंवा पारव्यांची पिल्लं दिली, म्हणजे ज्यांना कोकरू परवडत नाही त्यांच्यासाठी सांगितलेलं अर्पण. तारीख टळली नाही, तर जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापासून सव्वा महिना म्हणजे फेब्रुवारी संपेपर्यंत. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. दिरांना हे आत्ताच सांगा, फेब्रुवारीत तोंड वाकडं करून सांगू नका. या तीन महिन्यांत त्यांनी मिळेल ते काम धरायचं, हातात येईल त्यातला ठरलेला भाग घरात द्यायचा, उरलेला पुढच्या खोलीच्या डिपॉझिटसाठी बाजूला टाकायचा. कोकरू परवडत नसेल तर पारवे, पण काहीतरी द्यायचंच. फुकट राहणाऱ्या माणसाची मान खाली जाते आणि मग तो चिडका होतो, हे मी बऱ्याच घरांत पाहिलंय.

आता सासूबाई. इथे मी जरा थांबणार आहे, कारण तुमच्या घरातली खरी गाठ इथे आहे.

त्यांची भीती खोटी नाही. आपली मंडळी लहान. कुणाच्या घरात काय चाललंय ते रविवारी चर्चच्या पायऱ्यांवरच कळतं, आणि मुलाने बाहेर लग्न केलं याचं त्या दीड वर्ष ऐकून घेत आल्या असतील. त्यांना वचनं फेकून मारू नका. पण एखाद्या संध्याकाळी, निवांत असताना, रूथचं पुस्तक त्यांच्याबरोबर वाचा. चारच अध्याय आहेत. तेही बेथलेहेमातच घडतं, येशूच्या जन्माच्या हजारेक वर्षं आधी. मुलं गमावलेली नामी परगावाहून आपल्या गावी निघालीय आणि परक्या जातीची विधवा सून मागे यायला बघतेय. सून मवाबी. मवाब्यांनी दहाव्या पिढीपर्यंत परमेश्वराच्या मंडळीत येऊ नये, असं बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं. नामीने तिला काय अट घातली? काहीच नाही. उलट पुन्हा पुन्हा सांगितलं, बाई, तू परत जा. ‘तुझा देव तो माझा देव’ हे रूथ वाटेत आपणहून बोलली, सासूवरच्या मायेने बोलली. ते उंबऱ्यावर थांबवून वदवून घेतलेलं नव्हतं. आणि मत्तय आपल्या शुभवर्तमानात येशूची वंशावळ देतो तेव्हा त्यात ही रूथ नावानिशी आहे. दावीद राजाची पणजी. मत्तयाने त्या यादीत अब्राहामाची सारा घेतली नाही, रिबका घेतली नाही. घेतल्या त्या तामार, राहाब, रूथ आणि उरियाची बायको, म्हणजे परक्या किंवा लोकांनी नावं ठेवावीत अशा बायका. नाताळच्या आधी ही यादी आपण कंटाळत वाचतो, किंवा पाळकसाहेब ती गाळूनच पुढे जातात. यंदा तुमच्या घरात ती मोठ्याने वाचा.

रूथच्या शेवटच्या अध्यायात बेथलेहेमातल्या बायका नामीला म्हणतात, तुझ्यावर प्रीती करणारी ही सून तुला सात मुलांपेक्षा अधिक आहे. आणि नामी नातवाला मांडीवर घेते. सासूबाईंना एवढं ऐकवलंत की पुढे काही बोलू नका. त्यांचंही नातवंड यायचंय, ते त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं.

बाप्तिस्म्याची अट घालूच नका. आठव्या महिन्यात, डोक्यावर छप्पर नसताना, पोरीने होकार दिला तरी तो कशाचा होकार असेल? टिकलीचंही तेच. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी याच मुंबईत शारदा सदन उघडलं, तेव्हा त्या स्वतः ख्रिस्ती होत्या आणि आसऱ्याला येणाऱ्या मुली-विधवा हिंदू. त्यांनी त्या मुलींना आपापले आचार पाळायची मोकळीक ठेवली. पुढे त्यावरून वाद पेटले, पुण्यात पालकांनी मुली काढून नेल्या, तो इतिहास वेगळा आणि लांबलचक आहे. पण दार उघडताना अट नव्हती, हे खरं. बाळ येशूला बघायला मागी लोक, म्हणजे परदेशी ज्ञानी माणसं, तीही पूर्वेकडून आली, त्यांनी नमन केलं, भेटी दिल्या आणि ती आपल्या देशी निघून गेली. ती पुढे कोणत्या मंडळीत गेली, हे मत्तयाने विचारलेलंसुद्धा नाही.

आणि जमलं तर सासूबाईंना आणखी एक विचारा. या खोलीत त्या लग्न होऊन आल्या तेव्हा इथे किती माणसं होती? तुमचे सासरे गिरणीतले, म्हणजे मला अंदाज आहे. गिरणगावातल्या खोल्या कधी एका कुटुंबाच्या नव्हत्याच. एक पाळीवर गेला की त्याच्या जागेवर दुसरा वळकटी पसरायचा. कोकणातल्या कितीतरी गावांनी तर गावकीच्या खोल्याच घेऊन ठेवल्या होत्या, गावचा कुणीही पोरगा मुंबईत उतरला की तिथे टेकायचा. १९८२ चा संप लांबला तेव्हा तुमच्या घरात कुणाच्या शेतातले दाणे येत होते, तेही विचारा. म्हाताऱ्या माणसांना हे सांगायला आवडतं. सांगता सांगता त्यांचं त्यांनाच काहीतरी आठवेल.

यजमानांबद्दल थोडक्यात लिहिते, कारण ते हे वाचतील असं मला वाटतं. शास्त्रात योसेफाच्या तोंडी एकही वाक्य नाही. अख्ख्या चार शुभवर्तमानांत नाही. पण त्याच्या गप्प राहण्याचा दाखला कुणी देऊ नये. मरियेची बेअब्रू होऊ नये म्हणून गुपचूप सोडून द्यायचं त्याने मनाशी धरलं होतं, आणि स्वप्नात निरोप मिळाल्यावर उठून तिला घरी आणलं. पुढे हेरोद राजाचा धोका कळला तेव्हा रात्रीच उठून बाळ-बाळंतिणीला मिसरात नेलं. बोलला नाही, पण प्रत्येक वेळी उठला. दादा, भाऊ तुमचा आहे, आई तुमची आहे. आईशी तुम्ही बोलायचं आहे. हे काम बायकोकडे ढकललंत तर उद्या काहीही बिनसलं की ‘सुनेने आणलं’ असंच होईल.

मंडळीतले काय म्हणतील? म्हणतील काहीतरी. चार दिवस. कॅरलवाले नेहमीसारखे येतील, पेटी-ढोलकी घेऊन, करंज्या खातील, आणि त्यांच्यातल्या दोन-तीन बायका पोटाकडे बघून कितवा महिना म्हणून विचारतील. तेव्हा ‘ही आमची धाकटी सून’ एवढं सासूबाईंच्या तोंडून निघालं, तर मला वाटतं निम्मी कुजबुज तिथेच संपेल. नाही निघालं तर तुम्ही म्हणा, ‘ही माझी जाऊ.’

तुमच्या मनात नाही, असं तुम्ही लिहिलंय आणि त्याची तुम्हाला लाज वाटतेय. कशाला? मन आधी तयार व्हायला हवं, अशी अट या गोष्टीत कुणालाच घातलेली नाही. या गोष्टीत देवदूत ज्याला भेटतो त्याला ‘भिऊ नको’ असं सांगतोच. जखऱ्याला, मरियेला, योसेफाला, मेंढपाळांना. म्हणजे सगळे भ्यालेले होते. मरियेनेही आधी ‘हे कसं होईल?’ असंच विचारलं. तुमचाही प्रश्न तोच आहे, फक्त तो पोटमाळा, संडास आणि दहावीचा आहे. मग त्याच भाषेत उत्तर शोधू.

आठव्या महिन्यातली बाई पोटमाळ्याच्या शिडीवर चढणार नाही. तेव्हा खाली खोलीत सासूबाई आणि जाऊबाई, वर तुम्ही आणि मुलगी, आणि दोघे भाऊ गॅलरीत. डिसेंबर-जानेवारीत मुंबईत गॅलरीत झोपल्याने कुणी आजारी पडत नाही, एक चादर जास्त लागेल. रात्री मजल्यावरच्या संडासापर्यंत तिच्याबरोबर कुणीतरी जायला हवं, ते काम दिरांचं. मुलीच्या अभ्यासाला मात्र धक्का लावू नका. तिच्या वाट्याला हा त्याग आयता येता कामा नये, तो तिने निवडलेला नाही. पाळकसाहेबांकडे जा आणि संध्याकाळी सहा ते नऊ चर्चच्या हॉलची किल्ली मागा. दहावीची आणखी दोन-चार मुलं मंडळीत असतीलच, सगळी तिथे बसतील. ते जमलं नाही तर जवळपासची अभ्यासिका शोधा. नाताळच्या भाषणात पाळकसाहेब जागा देण्यावर बोलणारच आहेत, तर हॉलने सुरुवात करायला त्यांची हरकत नसावी.

बाळंतपणासाठी कल्याणला नाव घातलेलं असेल तर तिथली फाइल, सोनोग्राफीचे आणि रक्ताचे रिपोर्ट, सगळं बरोबर आणायला सांगा आणि आल्या आल्या इकडे नाव नोंदवा. जे.जे. तुमच्या हाकेवर आहे, नायरही लांब नाही. कळा सुरू झाल्यावर नवीन रुग्णालयात जाऊन पहिल्यापासून सगळं सांगत बसणं कुणाच्याच हिताचं नसतं. पहिलंच मूल आहे, तेव्हा पात्र असतील तर प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये हप्त्यांनी मिळू शकतात. अंगणवाडी सेविकेला किंवा आरोग्य केंद्रात विचारा. आधार आणि बँक खातं तिच्या स्वतःच्या नावाचं लागेल, ते आत्ताच तपासा.

एक गोष्ट पत्रात नाही, म्हणून विचारते. दीर दारू पितात का, हात उगारतात का? तसं काही असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवा. जाऊबाईंना एकटीला घरी आणा आणि दिरांची सोय दुसरीकडे करा. आणि सगळं करूनही जमलंच नाही, सासूबाईंचं आजारपण निघालं किंवा चाळीत अडचण आली, तरी ‘नाही’ एवढंच सांगून फोन ठेवू नका. तीन महिन्यांचं खोलीभाडं दोघा भावांनी मिळून भरता येतं, मंडळीतल्या मदतनिधीतून काही मागता येतं. तुमच्या घरात न ठेवणं हे पाप नाही. कुठे गेले, काय झालं, याची चौकशीच न करणं मात्र वाईट.

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही आपल्याकडची रीत. या मुलीला माहेर उरलेलं नाही. तिला डिंकाचे लाडू कोण करून देणार, शेक-शेगडी कोण बघणार, बाळाला न्हाऊ कोण घालणार, हे ती कल्याणच्या खोलीत बसून मोजत असेल. सासूबाईंच्या हाताला हे सगळं येतं, तुमचंही बाळंतपण त्यांनीच केलं असेल. तेव्हा या रविवारी उपासनेहून आल्यावर यजमानांना दिरांना फोन लावायला सांगा, मुदत आणि पैशांचं दोघे भाऊ बोलून घेतील. मग फोन जाऊबाईंकडे द्यायला सांगा आणि इकडे सासूबाईंच्या हातात द्या. ‘डिंकाचे लाडू सोसतात का तुला?’ इतकंच विचारा म्हणावं.